सुरक्षिततेसाठी कपाटात

लेकीने, नुपूरने, कॉलेजात क्रिमिनल जस्टिस हा जोडविषय घेतला, तेव्हा सदानंदांनी कतारमधल्या, दोहा शहरातल्या निम्म्या मराठी मंडळींना फोन करून कळवलं. घरात गुन्ह्यांचा अभ्यास करणारं कुणी असलं की जरा वजन पडतं. गुन्हा मात्र दुसऱ्याच्या घरी असावा, एवढीच त्यांची माफक अपेक्षा.

मग प्रोजेक्ट आला. आसपास सर्रास घडणारा एक गुन्हा शोधायचा आणि तो सोसणाऱ्याशी बोलायचं. सदानंदांनी चहा बाजूला ठेवून विषयच देऊन टाकला. इंडस्ट्रियल एरियातले कंत्राटदार बंदी असूनही कामगारांचे पासपोर्ट दाबून ठेवतात. "आणि विचारलं तर म्हणतात, सुरक्षिततेसाठी ठेवलाय. लबाड लेकाचे." तिकडे न्यायला संपत आहेच, असंही त्यांनी सांगितलं.

संपत त्यांचा ड्रायव्हर, जतकडचा, त्यांच्याच व्हिसावर आलेला. त्याची पहिली मुलगी दीड महिन्याची झाली तरी बिननावाची होती. बाप आला की बारसं करू, म्हणून घरचे थांबले होते. त्याने तीनदा पासपोर्ट मागितला. तिन्ही वेळा सदानंद "बघू, इन्शाल्ला" म्हणाले. आधी बायकोची, नयनाची, भिशी, मग गणपती, मग दुखानच्या तेलक्षेत्रावरून साहेब जेवायला. पाहुण्यांची ने-आण कोण करणार? पोरगी काय, नावावाचून रडायची थोडीच थांबलीय.

नुपूर घरात इंग्रजीशिवाय बोलत नसे. त्या दिवशी तिने मराठीत तोंड उघडलं, तेव्हाच सदानंदांनी सावध व्हायला हवं होतं.

"बाबा, संपतदादाचा पासपोर्ट कुठे आहे?"

"माझ्या कपाटात. सुर..." सदानंद शब्दाच्या मधेच थांबले.

नुपूरने तेवढंही टाइप केलं. संपत घरच्यासारखा आहे, असं त्यांनी समजावून पाहिलं. पुस्तकातल्या सबबींच्या यादीत ही तिसरी आहे, असं ती म्हणाली. घरच्यांचे पासपोर्ट तर ज्याच्या त्याच्याजवळ असतात, अशी भर नयनाने स्वयंपाकघरातून घातली.

नाव गाळून नुसतं 'मदिनत खलीफा वस्तीतले एक इंजिनिअर' लिहिणार, असं नुपूरने सांगितलं. सदानंदांनी पुढचं ओळखलं. मराठी मंडळातल्या प्रत्येकाला ते आपल्यावरच लिहिलंय असं वाटलं असतं, आणि प्रत्येकाने बोट मात्र सदानंदांकडे दाखवलं असतं.

"आजच देऊन टाकला तर तुझा प्रोजेक्ट पडेल ना गं?" त्यांनी आशेने विचारलं.

"पडू दे."

कपाट उघडलं. शुक्रवारचं तिकीट निघालं. ड्रायव्हरच निघाल्यामुळे विमानतळावर सोडायला सदानंदांनाच जावं लागलं, आणि वाटेत दोनदा वळण चुकलं.

विमानतळाच्या दारात संपतच्या एका हातात दोरीने बांधलेलं खोकं होतं, दुसऱ्यात बाळाच्या कपड्यांची फुगलेली पिशवी. सदानंदांचा हात आपोआप पुढे गेला.

"दे, पासपोर्ट तेवढा मी धरतो."

संपतने अदबीने मान हलवली, पासपोर्ट दातांत घट्ट धरला आणि तसाच आत गेला.