टेकाईचा कौल

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं एका टेकडीवर टेकाईचं देऊळ आहे. शिवशंकर गुरव बत्तीस वर्षं तिची पूजा करत होता आणि लोकांना कौल लावून देत होता. देवीच्या तांदळ्यावर, म्हणजे त्या शेंदूर लावलेल्या दगडावर, दोन ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. टेकाईचा कौल कधी खोटा ठरला नव्हता.

त्याची लेक शिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातव्या महिन्यात एका दुपारी ती भिंतीला धरून उभी राहिली. "आई, पोट दगडावानी झालंय गं."

कमलबाईनं लगेच चपला घातल्या. "जीप बोलवा. हिंगोलीला नेऊ."

"थांब," शिवशंकर म्हणाला. "देवीला विचारून येतो."

त्यानं विचारलं, "लेकीला घरीच ठेवू का?" उजवं फूल पडलं. मन धजेना म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा उजवंच. तो निर्धास्त मनानं खाली आला आणि जीपवाल्याला त्यानं माघारी धाडलं.

दिवस मावळताना शिलाचं लुगडं रक्तानं भिजलं. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी शिला वाचवली. पोटातली मुलगी मात्र आधीच गेली होती. "दुपारी का नाही आणलं?" त्यांनी विचारलं. कमलबाई नवऱ्याकडं पाहत राहिली.

बाराव्या दिवशी सकाळी तो देवळात गेला. अंघोळ केली नव्हती, दिवा लावला नाही. दगडच असशील तर दगड म्हणून सोडून देईन, असं त्यानं ठरवलं होतं. फुलं चिकटवली आणि विचारलं, "माझी नात जिती आहे का?"

एकही फूल पडू नये, नाहीतर डावं तरी पडावं, एवढंच तो मागत होता.

उजवं पडलं.

आणि तांदळ्याच्या आतून तान्हं लेकरू रडायला लागलं.

शिवशंकरानं हात दगडावर ठेवला. दगड कोमट होता. शेंदराखाली काहीतरी मऊ लागलं, तान्ह्याच्या टाळूसारखं, आणि ते धपापत होतं. त्यानं हात ओढून घेतला. इतकी वर्षं आपण कुणाच्या पायावर डोकं ठेवत आलो, हे त्याला कळेना. आत कोणी नसतं तर त्यानं कसंतरी सोसलं असतं. पण आत कोणीतरी होतं. त्याचं सगळं ऐकत होतं आणि जाणूनबुजून खोटं बोललं होतं.

तो बाहेर पळाला, तर शिला पायऱ्या चढून येत होती. अशक्त, अनवाणी. दुधानं तिचा पदर ओला झाला होता.

"बाबा, तिला भूक लागली. सरका."

"ती आपली न्हाई, शिला. आत जाऊ नको."

"त्या दिवशी देवीनं थांब म्हणलं तर थांबलात. आता ती बोलावून राहिली तर काहून अडवता?"

"ती खोटं बोलते!" त्यानं दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलं. रडणं वाढलं. शिलानं त्याच्या छातीवर बुक्क्या मारल्या, मग दमून पायरीवर बसली.

"पोट माझं व्हतं, बाबा. तुमी तिला दोनदा विचारलं. मला एकदा तरी काहून न्हाई विचारलं?"

आतलं रडणं एकदम थांबलं, आणि आत जे होतं ते आता कान देऊन ऐकतंय असं शिवशंकराला वाटलं. त्यानं लेकीला धरून खाली आणलं. ती आली, पण त्याचा हात तिनं झटकला.

रडणं पायथ्याच्या लोकांनीही ऐकलं होतं. देवी जागृत झाली, अशी बोंब सेनगावपर्यंत गेली. लोक पाळणे बांधायला लागले. शिवशंकरानं खरं सांगितलं, तर नातीच्या दुःखानं गुरवाचं डोकं फिरलं, असं म्हणाले. पूजा त्याच्या चुलतभावानं, रामजीनं घेतली. शिला कळमनुरीला सासरी निघून गेली.

आता शिवशंकर रोज सकाळी पायथ्याशी उभा राहतो. पोटुशी बाई दिसली की हात जोडतो. "विचारू नका, माय. आधी डॉक्टरला दाखवा." लोक वळसा घालून जातात.

गेल्या सोमवारी मात्र एक बाई ऐकून थांबली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "मलाबी तेच वाटून राहिलं." सासू शिव्या देत होती, तरी ती हिंगोलीच्या जीपमध्ये जाऊन बसली.

घरी येऊन त्यानं कमलबाईला हे सांगितलं. "शिलाचा फोन आला तर तिला सांग."

कमलबाई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तुमचं नाव काढलं की ती फोन ठेवून देते," ती म्हणाली.