गोठ्यातला अनंता

शेणवा गावातल्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात त्रिकाळबाबा डोळे मिटून बसले होते आणि अनोळखी माणसांना त्यांच्या घरातल्या मेलेल्यांची नावं घडाघडा सांगत होते. बाया डोळे पुसत होत्या.

मला मात्र संशय येत होता. बाबा प्रत्येकाला आधी गाव आणि घरातल्या कर्त्याचं पूर्ण नाव विचारायचे. मेलेल्यांशी बोलणाऱ्याला पत्ता कशाला लागतो? शिवाय हात सारखा कानावरच्या पागोट्याशी.

पुढे माझे देवरामकाका बसले होते, शेजारी त्यांची सून अनिता. तिला टीबी झालेला, गोळ्या चालू होत्या.

"देवराम, तुझ्या घरातला अनंता तडफडून मेला. नऊ वर्षांचं कोवळं लेकरू. तेच सुनेच्या छातीवर बसलंय. गोळ्या आजपासून बंद."

काकांनी गोळ्यांची पिशवी बाबांच्या पायाशी ठेवली आणि तिथंच थबकले. "महाराज, अनंता आमचा बैल व्हता. म्हसाच्या जत्रेत ज्याच्याकडनं बैल घेतो, त्याचंच नाव ठेवतो आमी त्याला."

बाबा क्षणभर गडबडले. "आत्मा तो आत्मा. बैलाचा काय नि माणसाचा काय."

लोक पुन्हा माना डोलवू लागले, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ठाण्याला कंपनीत प्रोग्राम लिहिते. सरळ पडद्यामागे गेले. तिथं बाबांचा मेहुणा लॅपटॉप उघडून फोनवर कुजबुजत होता. लॅपटॉप उचलून मी मांडवात आणला.

"काका, मागं एका संस्थेची मानसं घरोघर सगळं विचारून गेली ना? ती माहिती मिळवून यांनी या लॅपटॉपात भरलीय. गावाच्या पोटात घर, घराच्या पोटात मानसं आणि गोठा, अशी एकात एक ठेवलेली. हवं ते काढायला आत कुठून कुठं जायचं, ती वाट लॅपटॉपला लिहून द्यावी लागते. बाबांच्या मेहुण्यानं लिहिलं, शेणवा, देवरामचं घर, आणि आत कुठंही असेल तो मेलेला. मानसांतच शोध, असं सांगायचं राहिलं. म्हणून गोठ्यातला बैल वर आला, आणि बाबांच्या कानात गेला."

सगळ्यांसमोर मी त्या वाटेत 'माणसं' हा शब्द घातला. उत्तर रिकामं आलं. त्या माहितीत काकांच्या घरचं कुणी माणूस मेलेलंच नव्हतं.

मागून कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. "बैलासाठी मी रडलो व्हतो," एवढंच म्हणाले.

मला बाबांपेक्षा आपल्या लोकांचाच राग येतो. आपल्याच घरची माहिती कुणी आपल्याला ऐकवली, तर हात जोडण्याआधी विचारावं, ही तुला मिळाली कुठून? आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरांना विचारावं.

काकांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. "अनिता, आजची गोळी घेतलीस का?"

"नाय मामा. बाबांना इचारल्याबिगर नको, असं सकाळी तुमीच म्हनलात."

काका स्वतः उठून पाणी आणायला गेले.