एका वेळी एक

लविनाने रॅकच्या दाराला कुलूप लावलं आणि चावी जीन्सच्या खिशात टाकली.

"चावी दे," कल्पेश म्हणाला.

"नाही देणार, सर."

गोखिवऱ्याच्या त्या डेटा सेंटरमध्ये पंख्यांची घरघर इतकी, की साधं बोलायलाही ओरडावं लागे. लविनाने आवाज चढवला नव्हता. कल्पेशने तिच्या ओठांवरूनच 'नाही' वाचलं असावं. तिला इथे कामाला त्यानेच घेतलं होतं, काम शिकवलंही त्यानेच. आजवर तिने त्याला असं तोंडावर कधी नाकारलं नव्हतं.

रॅकमध्ये नेटवर्कचे दोन जुने स्विच होते. शाळा, पतपेढ्या, दवाखाने, ज्या कुणाची यंत्रं या हॉलमध्ये होती त्या सगळ्यांच्या माहितीची ये-जा या दोन्हींमधून चाले. आता ते बदलायचे होते. रविवारी दुपारी अर्धा तास सगळं बंद करायचं, दोन्ही एकदम काढायचे, नवे बसवायचे, असं कल्पेशने ठरवलं होतं. तशी नोटीसही सगळ्यांना गेली होती.

"एकानेही हरकत घेतली नाही, लविना."

"वाचलीच नाही, सर. मनवेलपाड्याच्या अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना मी फोन केला. त्यांना पत्ताच नाही."

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

"मागच्या वेळीही अर्धाच तास होता."

मागच्या वेळी तो अर्धा तास संध्याकाळपर्यंत लांबला होता. अ‍ॅम्ब्युलन्स केंद्राला येणारे फोन इथल्याच यंत्रातून जात; तिथे ते घेणारी खुशी त्या दिवशी नुसती मुक्या फोनसमोर बसून होती. कोण फोन करत होतं, कुठून, तिला कधीच कळलं नाही.

लविनाचं म्हणणं सरळ होतं. सगळा भार एका स्विचवर टाकायचा, दुसरा बदलायचा, तपासायचा, मग पहिल्याकडे वळायचं. काहीच बंद होणार नाही. अडचण एवढीच की अ‍ॅम्ब्युलन्स केंद्राच्या यंत्रासारखी काही यंत्रं एकाच केबलने एकाच स्विचला जोडलेली होती. त्यांना आधी दुसरी केबल द्यायला हवी. त्यात रविवार हुकणार, आणि रविवारचा शब्द कल्पेशने केनी साहेबांना, सेंटरच्या मालकांना, देऊन टाकला होता.

"साहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, लविना ऐकत नाही. मला कामावरून काढायचं तर काढा म्हणावं."

"तुम्ही उमेळ्याची माणसं सगळी अशीच हट्टी का गं?"

"आमच्या वाडीच्या चारी बाजूंना बिल्डिंगा उठल्यात, सर. पप्पा अजून केळी लावतात."

कल्पेशला हसू आलं नाही. चावीही त्याने पुन्हा मागितली नाही.

आठवडाभर लविना वरच्या जाळीतून केबली ओढत राहिली. हाताला खरचटलं, केसांत धूळ बसली. कल्पेश येता-जाता बघायचा आणि पुढे जायचा. साहेबांचे फोन तो बाहेर जाऊन घ्यायचा. आत आला की त्याचे कान लाल झालेले असत.

तिने निवडला तो दिवस भर कामाचा होता, वेळ सकाळची.

"रविवारी तरी कर," कल्पेश म्हणाला.

"नको. आज सगळे कामावर आहेत. चुकलं तर लगेच कळेल, निस्तरायला माणसंही असतील."

तिने खुशीच्या मोबाइलवर फोन लावून स्पीकर पूर्ण आवाजात चालू केला.

"खुशी, तुमची जुनी केबल काढतेय. नव्या केबलवर चाललं पाहिजे. नाही चाललं तर लगेच परत लावते."

"काढा, ताई. ड्रायव्हर लोकांना सांगून ठेवलंय, मोबाइल हातातच आहे माझ्या."

लविनाने केबलची खिटी दाबली. कल्पेशचा हात पुढे आला आणि हवेतच थांबला. तिने केबल ओढली. हिरवा दिवा विझला.

स्पीकरवर काहीच ऐकू येईना. लविनाने केबल पुन्हा भोकापाशी नेली. तेवढ्यात पलीकडे घंटा वाजली.

"हां, बोला... रडू नका काकी, पत्ता सांगा... चर्चच्या मागे ना?... श्वास चालू आहे ना त्यांचा?... गाडी निघाली, तुम्ही दार उघडून ठेवा."

मग खुशी मोबाइल तोंडाशी धरून म्हणाली, "ताई, काढली का केबल?"

लविनाने हातातली केबल खाली ठेवली. "काढली," ती म्हणाली.

पहिला स्विच बाहेर आला तेव्हा त्याची दुसरी बाजू कल्पेशने धरली होती. दुसरा काढताना स्क्रू ड्रायव्हर त्याच्याच हातात होता. दुपारी दोन्ही नवे स्विच चालू झाले आणि एकाही ग्राहकाचा फोन आला नाही.

फोन आला तो केनी साहेबांचा. कल्पेश या वेळी बाहेर गेला नाही.

"झालं, सर... नाही, बंद झालंच नाही काही... हो, आपल्या विरारच्या सेंटरचेही स्विच बदलायचेत."

तो ऐकत राहिला. पंख्यांच्या घरघरीत पलीकडचं लविनाला काही ऐकू येत नव्हतं.

"या रविवारी नाही जमणार, सर," कल्पेश म्हणाला. "आधी केबली टाकाव्या लागतील... नाही, सर. अर्धा तासही नाही."

पलीकडचा आवाज इतका चढला, की तो लविनापर्यंतही पोचला. कल्पेशने फोन कानापासून थोडा लांब धरला, त्यावर हात ठेवला आणि लविनाकडे वळला.

"विरारला किती केबल लागेल गं?"