बोलत होता तो, लाज मला वाटली

मी परदेशातल्या स्टॅनमोर उपनगरातला, एका मराठी घराच्या स्वयंपाकघरातला रेडिओ. आजवर दुसऱ्यांचंच बोललो. आज थोडं माझं सांगतो, कारण ते मनात ठेवून बसवत नाही.

मोहनरावांनी मला सेलमध्ये घेतलं आणि खिडकीत, केटलशेजारी ठेवलं. सुरुवातीला मी हवामान सांगायचो, गाणी लावायचो. त्यांची छोटी मुलगी ईशिता माझ्यासमोर सीरियल खात नाचायची. तेव्हा मला माझा आवाज आवडायचा.

मग निवडणुकीचं वर्ष आलं आणि मोहनरावांना सकाळचा एक कार्यक्रम सापडला. त्यातल्या माणसाचा पक्ष नेहमी बरोबर असे आणि बाकी सगळं बाहेरून आलेल्यांमुळे बिघडलेलं असे. ट्रेन उशिरा आली, तरी दोष त्यांचाच. कुणी फोन करून वेगळं बोललं, की तो लाइन तोडायचा आणि हसायचा. ते हसू माझ्याच जाळीतून बाहेर पडायचं.

"हा आपल्यालाच बोलतोय रे," मोहनरावांच्या पत्नी अलकाताई म्हणायच्या. त्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत.

"छे गं! आपण टॅक्स भरतो. हे त्या दुसऱ्या लोकांबद्दल आहे. स्ट्रेट बोलतो बिचारा."

एका सकाळी अलकाताई नाइट शिफ्ट करून आल्या. युनिफॉर्मवरच टोस्टला बटर लावत होत्या. त्या माणसाने परदेशी नर्सेसचा विषय काढला आणि त्यांच्या इंग्रजीची नक्कल केली. मोहनराव खो खो हसले.

ईशिता आता चौदा वर्षांची आहे. ती हळूच म्हणाली, "बाबा, आई पण तसंच बोलते."

अलकाताईंनी सुरी खाली ठेवली आणि त्या कार्यक्रमाला फोन लावला. तिकडे फोन घेणाऱ्या मुलीने रेडिओ बंद करायला सांगितलं असावं, कारण अलकाताईंनी मला बंद केलं. बंद रेडिओ बोलत नाही, पण ऐकतो. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी नर्स आहे. काल रात्री माझ्या वॉर्डात एक आजोबा गेले. शेवटपर्यंत ते माझ्याशी बोलत होते. त्यांना माझं सगळं समजत होतं. तुम्ही मघाशी…" मग थांबल्या. "हॅलो? हॅलो?"

लाइन तुटली होती.

मोहनरावांनी घाईने मला सुरू केलं. माझ्यातून तो माणूस म्हणत होता, "हॅलो? हॅलो?" अगदी अलकाताईंच्या सुरात. मागे दोघं-तिघं हसत होते.

मला फुटून जावंसं वाटलं. त्यांच्याच घरात, त्यांच्याच तोंडावर, मी त्यांची नक्कल करत होतो. मोहनरावांचा हात माझ्याकडे आला. त्यांनी आवाज फक्त कमी केला. ईशिताने उठून माझा प्लग काढला.

"मूर्ख आहे तो, अलका," मोहनराव म्हणाले.

"तो तिकडे लांब आहे, मोहन. इथे माझ्यासमोर तू हसलास."



तेव्हापासून मी खिडकीत गप्प आहे. माझ्यावर पिठाची धूळ बसली आहे. पहिले काही दिवस नुसता टोस्ट चावल्याचा आवाज यायचा. काल मोहनरावांनी टेबलाकडे बघत विचारलं, "ते आजोबा… काय बोलत होते गं तुझ्याशी?"

अलकाताईंनी चहातला चमचा काढून बाजूला ठेवला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

माझी एकच विनंती आहे. मला इतक्यात लावू नका. त्यांचं अजून सांगून झालेलं नाही.