बारा तासांच्या आत

तेजश्री शुद्धीवर नाही हे सविताला अंगणातच कळलं. कळलं नाही ते एवढंच, की ती का नाही.

दिवेलागणीला एक गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याने आत आली आणि पोरीला अंगणात उतरवून निघूनही गेली. तेजश्रीचे पाय भलतीकडेच पडत होते, जीभ जड झाली होती. कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात ती ऑफिसला होती. सुपरवायझर सुरजचा वाढदिवस आहे, दुपारी सगळे ढाब्यावर जेवायला जाणार, असं सकाळी सांगून गेली होती. सविताला एवढं पुरलं. ढाबा म्हटला की आईच्या मनात पहिली बाटलीच येते.

"प्यालीस व्हय गं?" तिने विचारलं. पोरगी तिच्या खांद्यावर कलंडली.

नवरा, मच्छिंद्र, दौंडला भाच्याच्या साखरपुड्याला गेला होता आणि तासाभरात परतणार होता. त्याने पोरीला असं पाहिलं असतं तर नोकरी बंद, उंबऱ्याबाहेर पाऊल बंद, आणि दोन महिन्यांत कुणाच्या तरी गळ्यात बांधून तो मोकळा. सविताने पदर खोचला. आधी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं. मग लिंबूपाणी, मग ताक, मग परत पाणी. पोरगी नको नको म्हणत होती, तरी तिच्या तोंडाला तांब्या लावला. तीनदा धरून लघवीला नेलं. कडकडीत पाण्याने आंघोळ घातली आणि अंगावरचे कपडे हातासरशी घासून दोरीवर टाकले. मच्छिंद्र आला तेव्हा तेजश्री गोधडीत झोपली होती आणि सविता भाकरी थापत होती.

"पित्त झालंय तिला," ती म्हणाली. पोरीवरचं बालंट निभावून नेलं म्हणून तिला मनातून बरंही वाटलं. बिचारीला काय ठाऊक!

तिसऱ्या दिवशी तेजश्रीने तोंड उघडलं. ग्लासातलं थंड पेय, त्यानंतर काहीच नाही. मग एका खोलीतला पंखा, सुरजचा चेहरा अगदी जवळ, आणि हात उचलायचा म्हटलं तरी उचलत नव्हता. तिच्यापाशी एवढेच तुकडे होते.

"आई, मी दारू न्हाई प्याले गं. त्यानं कायतरी घातलं व्हतं त्याच्यात."

सविताने ते नवऱ्याच्या कानावर घातलं. मच्छिंद्र आरडाओरडा करेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने लगेच मोटारसायकल काढली आणि दोघींना मागे बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. माणसाला आपण किती कमी ओळखतो!

तिथे डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, लघवी घेतली, बाटल्यांना सील लावून पुण्याच्या लॅबला पाठवायची तयारी केली. मग सविताला बाजूला घेऊन विचारू लागल्या. कपडे कुठे आहेत? आंघोळ झाली का? पाणी किती प्यायली? सविता एकेक सांगत गेली आणि बाईंचं पेन हळू हळू होत थांबलं.

"गुंगीची काही औषधं बारा तासांच्या आत लघवीवाटे निघून जातात हो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीची पहिली लघवी मिळाली असती तर… पण तुमची चूक नाही. हे कुणाला माहीतच नसतं."

माहीत नसतं! टीव्हीवर दिवसभर कुठला साबण वापरायचा ते शिकवतात, आणि हे कुणी सांगत नाही. सविताने बारा तासांचं ते बोलणं पोटातच ठेवलं. घरी कुणाला सांगितलं नाही, तेजश्रीला तर नाहीच.

आठ महिने गेले. तक्रार झाली, सुरजला अटक झाली आणि तो जामिनावर सुटून हिंडूही लागला. गावात बायका तोंडावर गोड बोलायच्या आणि पाठ वळली की "प्याली आसंल" म्हणायच्या. तेजश्रीचं सगळ्यावर एकच उत्तर असायचं, "रिपोर्ट येऊ दे, मग बघा." त्या कागदावर पोरगी जगत होती.

रिपोर्ट आला. पोलीस ठाण्यातली कॉन्स्टेबल धनश्री मुद्दाम घरी येऊन सांगून गेली. कुठलंही औषध आढळलं नाही.

"आढळलं न्हाई म्हंजी दिलंच न्हाई, आसं न्हाई काकू," जाताना ती म्हणाली. "केस चालू ऱ्हाईल."

ती गेल्यावर तेजश्री भिंतीला टेकून खाली बसली. "मग मला भास झाला का गं? माझ्याच डोक्यातनं आलं का हे समदं?"

पोरीचं ते तोंड सविताला बघवेना. आठ महिने दाबून ठेवलेलं तिने सांगून टाकलं. ताक, पाणी, लघवी, बारा तास, सगळं. "मीच काढून टाकलं गं तुझ्या अंगातनं. माझ्या हातानं."

तेजश्री ओरडेल, हात झिडकारेल, असं तिला वाटलं. तिने ती तयारीही ठेवली होती. पण तेजश्री तिच्याकडे टक लावून बघत राहिली आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जीव आला.

"म्हंजी मला येड न्हाई लागलं?"

"न्हाई गं माझी बाय."

"म्हंजी खरंच झालं व्हतं."

"व्हय."

ती रडत रडत आईच्या गळ्यात पडली. सविताला वाटलं, सुटलो. "मी कोर्टात सांगते," ती म्हणाली. "जजसायबाला सांगते, पाणी मी पाजलं म्हनून काय घावलं न्हाई."

"इचारतील की, का पाजलं?"

"सांगन, मला वाटलं तू पिऊन आलीस."

बोलून झालं आणि सविताला आपण काय बोललो ते कळलं. तेजश्रीचे हात तिच्या गळ्यातून सुटले.

"मग त्याचा वकील म्हनंल, तिच्या सख्ख्या आईलाबी तेच वाटलं." ती मागे सरकली. "वकिलाचं जाऊ दे. आई, तुला का वाटलं गं तसं?"

सविताने तिला परत जवळ घ्यायला हात पुढे केला. पोरगी उत्तराची वाट बघत समोर बसून राहिली.