नाकताई

झाकण उघडून तिने ते नाकाजवळ नेलं, अर्धा श्वास आत ओढला, डोळे मिटले आणि म्हणाली, "गोड."

समोरच्या माणसाने कॅन उचलून हौदात रिकामा केला. पुढचा कॅन आला. पुन्हा झाकण, पुन्हा अर्धा श्वास, पुन्हा मिटलेले डोळे. फरक एवढाच, की डोळे मिटण्याआधी ती आता समोरच्याच्या चेहऱ्याकडे चोरून बघून घ्यायची. कारण झाकणाला वास नव्हता. झाकणालाच कशाला, दुधाला नव्हता, ओटा धुवायच्या औषधाला नव्हता, ओट्यामागून वाहणाऱ्या गटारालाही नव्हता. सगळं जिथल्या तिथे दिसत होतं, आणि तरी कोणीतरी उचलून लांब नेऊन ठेवल्यासारखं झालं होतं.

डेअरीची पद्धत जुनी होती. दूध टाकीत सोडण्याआधी प्रत्येक कॅनचं झाकण उघडल्या उघडल्या हुंगायचं. रस्ताभर झाकणाखाली कोंडून आलेली हवा दुधाचं सगळं सांगून टाकते. शंका आली तर तो कॅन आत तपासणीच्या खोलीत जायचा, पण तिथे वेळ लागतो, आणि दूध तेवढा वेळ देत नाही. म्हणून सकाळची सगळी रांग एका नाकावर चालायची. त्या नाकावरून तिचं नावच नाकताई पडलं होतं. ती 'गोड' म्हणाली की दूध घेतलं, 'परत' म्हणाली की घरी न्यायचं. तिच्या 'परत'वर आजवर कोणी हुज्जत घातली नव्हती. "नाकताईनं नाक मुरडलं की समजायचं, आज घरी बोलणी खायची आहेत," असं दूधवाले आपसांत म्हणायचे, आणि तीही हसायची.

आता ती हसत नव्हती.

झालं होतं ते तसं किरकोळच. सिग्नलला थांबलेल्या रिक्षावर मागून एक गाडी येऊन आदळली. तिचं डोकं मागच्या लोखंडी दांडीवर आपटलं. दवाखान्यात मानेला पट्टा बांधला, मुका मार म्हणून लिहून दिलं आणि घरी पाठवलं. गाडीवाला भला निघाला, त्याने चूक लगेच कबूल केली. त्याच्या विमा कंपनीचा माणूस फुलांशिवाय का होईना, पण विचारपूस करायला घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा नुसत्या गरम पाण्यासारखा लागला, तेव्हा नवरा पावडर टाकायची विसरला असं समजून तिने त्याला दोन शब्द सुनावले होते. मग साबण हातात घेतला. मग खोबरेल तेलाची बाटली उघडली. मग ती न्हाणीघरात तशीच बसून राहिली.

घरी न सांगता ती एका नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्याने नाकपुड्यांत दिवा टाकून बघितलं. वासाच्या नसा फार नाजूक असतात, म्हणाला, डोक्याला हिसका बसला की तुटतात. कधी काही महिन्यांनी वास परत येतो, कधी येतच नाही.

"लिहून देऊ का? विम्याला लागेल."

"नको," ती एवढ्या घाईने म्हणाली, की डॉक्टरने मान वर करून पाहिलं.

लिहून दिलं की ते विमा कंपनीत जाणार. कंपनीचा माणूस चौकशीला डेअरीत येणार. आणि डेअरीत कळलं, की दुसऱ्या दिवशी ओट्यावर दुसरं कोणीतरी उभं राहणार. तिला दुसरं काही येत नव्हतं. शिकली होती ती जेमतेम, वय झालेलं, आणि मानेला पट्टा. तिचा पगार म्हणजे तिचं नाक. आणि ते लपवून कंपनीच्या मानेपुरत्या भरपाईच्या कागदावर सही केली, तर पुढे कधीही काही मागता येणार नाही, हेही तिला कळत होतं.

ते कळलं होतं नवऱ्यामुळे. तो शिंपी होता, घरातच खिडकीशी मशीन मांडून बसायचा. आदल्या संध्याकाळी पायडल थांबवून, चष्मा कपाळावरून खाली ओढून त्याने कंपनीचा कागद मोठ्याने वाचला होता.

"हे बघ. 'या अपघातामुळे झालेल्या, आज माहीत असलेल्या आणि माहीत नसलेल्या सर्व दुखापतींबद्दल यापुढे कोणताही दावा राहणार नाही.' माहीत नसलेल्या म्हणजे गं काय?"

"मला काय माहीत?"

"तेच तर म्हणतायत ते. माहीत नसलेल्या." स्वतःच्याच विनोदावर तो हसला. मग हसायचा थांबला आणि झटक्यात उठला. "अगं! इस्त्री!"

गिऱ्हाइकाच्या पँटवर इस्त्री तशीच राहिली होती. कापडावर तपकिरी डाग उमटला होता, त्यातून धूर निघत होता. ती इस्त्रीला खेटून बसली होती.

"तुला जळका वास आला नाही? मला तिकडे खिडकीत आला."

"मान ठणकत होती हो. लक्षच नव्हतं."

डाग पडलेली पँट हातात धरून तो तिच्याकडे नको तेवढा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सही करायची तर नीट विचार करून कर. मी आपला कापडं बेतणारा, मला यातलं कळत नाही. पण एकदा कात्री लागली की कापड जुळत नाही, एवढं कळतं."

आणि आता सकाळ होती. कंपनीचा माणूस ओट्याच्या कडेला बाकावर येऊन बसला होता. तरुण, मवाळ बोलणारा. मांडीवर प्लास्टिकची फाईल, खिशाला पेन.

"मॅडम, तुमचं काम आटपू द्या. मी थांबतो. फक्त आज झालं तर बरं. उद्यापासून ही फाईल वरच्यांकडे जाते, आणि ते इतकं ऐकून घेत नाहीत. एक विचारायचं राहिलं, नियम आहे म्हणून. मानेशिवाय दुसरा काही त्रास?"

सुपरवायझर हौदाशी वही घेऊन उभा होता, हातभर अंतरावर.

"नाही," ती म्हणाली.

"छान," तो माणूस म्हणाला.

पुढचा कॅन आला. तिने तळहात कॅनच्या अंगाला लावला. गार होता. आणणाऱ्याकडे बघितलं. तो जांभई देत होता. जांभई देणारा माणूस काही लपवत नसतो. "गोड." त्याच्या पुढचा उगाचच बोलका झाला होता, ताई कशा आहात, मान कशी आहे. "आत," ती म्हणाली, आणि त्याचा कॅन तपासणीला गेला.

"ताई," सुपरवायझर वहीतून डोकं न काढता म्हणाला, "निम्मी रांग आत पाठवताय आजकाल. नाक चोंदलंय का?"

"जरा सर्दी आहे."

"वाफ घ्या मग. नाक तुमचं, पण पोट सगळ्या गावाचं."

रांगेतले दोघं-तिघं हसले. तिला टाकी दिसत होती. एक आंबलेला कॅन हौदातून तिच्यात गेला की सगळी टाकी गेली. तिथून पिशव्या, पिशव्यांतून दारोदार, दवाखान्यांत, तान्ह्या पोरांच्या बाटल्यांत. रोज दुपारी ऑफिसातला फोन वाजला की तिला वाटायचं, आलाच. रोज तो दुसऱ्याच कशाचा तरी निघायचा, आणि ती भिंतीला टेकून दोन मिनिटं उभी राहायची.

"ताई."

समोर मफलरवाला उभा होता. उन्हाळा असो की पावसाळा, मफलर सुटायचा नाही, म्हणून त्याला सगळे तेच म्हणायचे. तो बरेच दिवस आला नव्हता. शेवटचा आला तेव्हा मान खाली घालून, कॅन पुढे ढकलून तिच्या नजरेला नजर न देता उभा राहिला होता. तेवढ्यावरून ती म्हणाली होती, "परत." तो एक शब्द न बोलता कॅन उचलून गेला होता, आणि बरोबर ओळखलं असं वाटून तिला त्या दिवशी जरा हायसंही वाटलं होतं.

आता तो थेट तिच्याकडे बघत होता. डोळे खोल गेले होते.

"ताई, एवढं एकदा नीट हुंगून सांगा. घाई नाही. रांगेतल्या सगळ्यांना सांगितलंय मी, जरा थांबा म्हणून."

"का हो? काय झालं?"

"त्या दिवशी तुम्ही परत केलंत ना. घरी नेलं तर बायको म्हणाली, दूध चांगलं आहे. मी म्हटलं, तू गप, नाकताई परत म्हणाली म्हणजे परत. ओतून दिलं सगळं. कॅन उकळत्या पाण्यानं धुतले. गोठा धुतला. चारा बदलला. तांबड्या गाईला वेगळं बांधलं, तिचंच काहीतरी असेल म्हणून. रोज हुंगतोय, ताई. मला काही कळतच नाही. सगळं चांगलंच वाटतं." त्याने आवाज उतरवला. "माझं नाकच गेलंय वाटतं. वाडवडिलांपासून दूध काढतोय आम्ही, आणि मला नासलेलं कळत नाही. दुपारी एकजण तांबडीला न्यायला येतोय. देऊन टाकतो म्हटलंय. म्हणून आणलं. हे तिचं एकटीचं आहे. तुम्ही सांगाल तसं."

झाकण तिच्या हातात होतं. कॅन तिने उघडला कधी, तिला आठवत नव्हतं. तिने झाकण नाकाजवळ नेलं आणि श्वास घेतला, या वेळी अर्धा नव्हे, पुरा, छाती दुखेपर्यंत. काही नव्हतं. हवा आत गेली आणि बाहेर आली.

'गोड' म्हणायचं होतं. एक शब्द. गाय वाचली असती, रांग पुढे सरकली असती, बाकावरचा माणूस पेन काढून उभा राहिला असता. पण दूध खरंच बिघडलेलं असलं तर? तिने त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. त्यावर भीतीशिवाय काही लिहिलेलं नव्हतं, आणि ती भीती तिने रोज सकाळी आरशात बघितलेली होती.

"तुमचं नाक शाबूत आहे," ती म्हणाली. "माझं गेलंय."

"आं?"

"मला वास येत नाही. अपघात झाल्यापासून. कसलाच. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, म्हणून मी परत म्हटलं."

सुपरवायझरची वही हळूहळू खाली आली.

"बघणार कसा?" मफलरवाला म्हणाला. त्याला अजून पुरतं उमगलं नव्हतं. "बायकोशी भांडून आलो होतो. रडलो होतो जरा. तोंड कसं दाखवणार?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"म्हणजे मग तांबडी चांगली आहे?"

"असणार."

"असणार कसं? तुम्हाला कसं ठाऊक?" आता त्याचा आवाज चढला. "वास येत नाही म्हणता, मग चांगली आहे हे कुठून सांगता?"

तिने झाकण त्याच्या हातात दिलं.

"मला नाही ठाऊक. तुम्हीच बघा. घरी जे रोज वाटत होतं, तेच इथे वाटतं का बघा."

त्याने झाकण घेतलं. मग मफलर खाली ओढून त्याने कॅनवर मान वाकवली आणि बराच वेळ तसाच राहिला. सगळी रांग थांबली होती. वर आला तेव्हा त्याची नजर सवयीने तिच्याकडेच वळली, बरोबर की चूक ते विचारायला. तिने मान हलवली नाही. हलवून उपयोग नव्हता.

"दूध आहे," तो शेवटी म्हणाला. "नुसतं दूध. चांगलं."

"आत न्या तरीही," सुपरवायझर म्हणाला. "सगळे आत न्या. सगळे. आणि ताई, तुम्ही... तुम्ही जरा बाजूला बसा." तो जवळजवळ धावतच ऑफिसात गेला. काचेतून त्याने फोन उचललेला दिसला.

ओट्यावर बसायला बाक एकच होता. ती जाऊन कंपनीच्या माणसाशेजारी बसली. त्याच्या मांडीवर फाईल उघडी होती, वर तो कागद, खाली सहीची रिकामी जागा. आता हा उठेल, फाईल मिटेल, खोटं बोललात म्हणेल. ऑफिसात सुपरवायझर हात हलवत बोलत होता. मफलरवाला कॅन घेऊन तपासणीच्या दाराशी उभा होता, आणि रांगेतला एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हता.

"मॅडम," तो तरुण हळू आवाजात म्हणाला, "मघाशी मी विचारलं होतं. दुसरा काही त्रास."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

त्याने फाईलमधला वरचा कागद काढून खाली सरकवला. त्याखालच्या कागदावर प्रश्न छापलेले होते, आणि प्रत्येकापुढे एक कोरी ओळ. त्याने पेनाचं टोपण काढलं.

"मी ते अजून लिहिलेलं नाही," तो म्हणाला.