सगळ्यात जास्त उल्लेख झालेला लेख

संशोधन केंद्राच्या फाटकावर लाल फलक लागला आणि आमच्या ज्येन बाईंना कुठे तोंड लपवू असं झालं. 'अभिनंदन! प्राध्यापक ज्येन यांच्या ऑर्किडवरील लेखाचे केंद्रात सर्वाधिक उल्लेख.' आमच्या तैनान शहरात कुणाचं पोर चांगल्या शाळेत लागलं तरी असा फलक लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण या उल्लेखांची गोष्ट वेगळी होती.

बाईंनी ऑर्किडमधला एक जनुक शोधला होता. उकाड्यात तो जागा होतो आणि फुलाचा दांडा येऊच देत नाही. लेखात दुसरं नाव माझं, शू-फनचं. पुढे जगभरच्या लोकांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि तो जनुक जागा झालेला कुणालाच दिसला नाही. मग प्रत्येकाने आपापल्या लेखात आमचा उल्लेख केला, 'ज्येन यांच्या दाव्याच्या उलट' असा. आकडा फुगत गेला. शिव्या मोजून हार घालावा, तसला प्रकार.

आम्ही दोघी संचालक फान यांच्याकडे गेलो.

"सर, तो फलक काढा. ते सगळे मला खोटं पाडणारे आहेत," बाई म्हणाल्या.

"उल्लेख तो उल्लेख," फान सर चहा ओतत म्हणाले. "संगणक कुठे विचारतो, चांगला की वाईट?"

"उद्या सुगावारा येतायत व्याख्यानाला."

"मग छानच की. त्यांनाही बघू दे."

सुगावारा म्हणजे जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदोचे प्राध्यापक, आम्हाला खोटं पाडण्यात सगळ्यांच्या पुढे. आणि जपानी माणसाला आमची अक्षरं वाचता येतात, हे आमचं दुर्दैव. जिना उतरताना बाई म्हणाल्या, "आकड्याचं मला काही नाही गं. मी खरं लिहिलं होतं, एवढं कुणीतरी म्हणावं. निवृत्त व्हायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगावारा सर आले ते फाटकापाशीच थांबले. फलक वाचून हसले.

"यातले बरेच माझे असतील," ते म्हणाले. बाईंनी मान खाली घातली.

सरांचे डोळे लाल, शर्ट घामाने भिजलेला. "झोप नाही लागली का?" मी विचारलं.

"खोलीतला एसी बंद पडला. म्हटलं खिडकी उघडू, रात्री गार होईलच. पहाटेपर्यंत वाट पाहिली. तुमच्याकडे रात्री गार होत नाही?"

"जूनमध्ये?" बाई म्हणाल्या. "दिवसा उकडतं, तसंच रात्री."

"आणि तुमच्या काचघरात?"

"तिथेही तेच. नेहमीचं तापमान. लेखात लिहिलंय की मी."

सुगावारा सरांनी रुमालाने मान पुसली. मग हळूच म्हणाले, "आमच्या नेहमीच्या तापमानात रात्री स्वेटर घालावा लागतो, ज्येन सान."

लेखात दिवसाचा आकडा होता, रात्रीचं फक्त 'नेहमीचं तापमान'. सगळा जन्म तैनानमध्ये गेलेला, रात्रीही उकडतं हे काय मुद्दाम लिहायचं? आणि ज्यांनी ज्यांनी प्रयोग केला, त्यांच्याकडे रात्री गारवा. जनुक बिचारा झोपूनच राहिला.

"काय मूर्ख आहे मी," असं म्हणून बाई हसत सुटल्या.

"मीही कमी नाही. विरुद्ध लिहायच्या आधी एकदा विचारायचं तरी," सुगावारा सर म्हणाले, आणि कमरेत वाकले. मग दोघं जी काचघरात शिरली, ती बाहेर येईनात. फान सर व्याख्यानासाठी शोधत आले तेव्हा ती दोघं किसलेल्या बर्फावरचा आंबा खात पुढच्या प्रयोगावरून भांडत होती.

पुढच्या वसंतात सुगावारांचा नवा लेख आला. मी तो पडद्यावर उघडला, मागे सगळी विद्यार्थी मंडळी दाटीवाटीने उभी. त्यात लिहिलं होतं, 'रात्रीही उकाडा असेल तर हा जनुक जागा होतो. ज्येन यांनी हे आधीच दाखवलं होतं. आमचा आक्षेप चुकीचा होता.'

बाईंनी वाचलं, चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडल्या. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

"बाई, आता एकूण किती उल्लेख झाले, बघू का?" एका मुलीने विचारलं.

"आकडा गेला खड्ड्यात," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ते वाक्य परत वाच. सावकाश वाच."